आधी फीड बघा, मग इंजेक्टर

वाचकांचे प्रश्न, डिझेल मिस्त्रीची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत अमेरिकेतल्या डिझेल पिकअपवाल्यांचीच गर्दी आहे. बहुतेकांना एकच हवंय, जास्त ताकद, आणि बहुतेकांनी मला पार्टची यादी पाठवलीय. फोर्ट वर्थच्या पत्राला सविस्तर उत्तर देतोय, कारण त्यात इतर अनेकांची उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : काका, माझ्याकडे २००६ ची शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी आहे. ड्युरामॅक्स एलबीझेड इंजिन, ॲलिसनचा सहा स्पीड गिअरबॉक्स. टर्बो मोठा बसवलाय, ट्यूनिंग केलंय. मला क्रँकवर ७०० हॉर्सपॉवर हवेत. एक मित्र म्हणतो शंभर टक्के मोठ्या नोझलचे इंजेक्टर घाल, दुसरा म्हणतो जोडीला आणखी एक सीपी३, म्हणजे डिझेलला जबर दाब देणारा पंप, लाव. सध्या पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की वरच्या गिअरला गाडी एकदम बसते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी००८७ कोड येतो. आधी काय घेऊ?
— एक वाचक, फोर्ट वर्थ, टेक्सस

उत्तर : तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पी००८७ म्हणजे कॉम्प्युटरने रेलमध्ये (इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) जेवढं प्रेशर मागितलं तेवढं त्याला मिळालं नाही. तुमची गाडी आत्ताच उपाशी आहे. अशा गाडीला मोठे इंजेक्टर लावलेत तर ती आणखी उपाशी राहील, कोड आज ज्या वेगाला येतो त्याच्या आधीच येईल, आणि तीनएक हजार डॉलर खर्चून ताकद तेवढीच राहील. म्हणून दोन्ही मित्रांना थोडं थांबायला सांगा.

एलबीझेडला कारखान्यातून टाकीत पंप येत नाही. २००१ पासून २०१६ पर्यंतच्या एचडी पिकअपमधल्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सला तो नव्हता. इंजिनच्या मधल्या खोलगट जागेत सीपी३ बसलेला असतो, त्याच्या पाठीला एक छोटा गिअर पंप असतो. तोच टाकीतून डिझेल ओढतो : चॅसीच्या कडेने लांबलचक लाइन, मग फिल्टर, मग पंप. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन दाबाखाली नसून ओढीखाली असते. याचा परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही. ओढीच्या लाइनला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं दिसतं आणि माणूस म्हणतो, लीक नाही.

मी कोल्हापूरला पंप रूममध्ये शिकलो. तिथे पंप बेंचवर चढवण्याआधी हेड मिस्त्री एकच विचारायचे, ‘फीड बघितलास का?’ फीड म्हणजे टाकीतून पंपापर्यंत येणारं डिझेल. ड्रायव्हर सांगायचा पंप गेलाय, आणि निघायचा फीड पंपाचा वॉशर किंवा टाकीतल्या जाळीचा चोथा. पंप बदलले, इंजिनं बदलली, देश बदलला, पण प्रश्न तोच लागू पडतो. रेलमध्ये १,८०० बार, म्हणजे २६,००० पीएसआय चढवणारा पंपसुद्धा त्याच्या तोंडाशी आलेलंच डिझेल दाबू शकतो. तोंडाशी फेस आला तर तो फेस दाबत बसतो.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं. फिल्टर आणि सीपी३ यांच्यामध्ये हातभर पारदर्शक डिझेल नळी जोडा आणि इंजिन चालू करा. चालू करताना थोडे बुडबुडे दिसतील, ते जाऊ द्या. तापलेल्या इंजिनला आयडलिंगवर जर बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, तर गाडी हवा घेतेय. एलबीझेडला पहिला संशय फिल्टर हेडवर घ्या. हाताने दाबायचा प्रायमर असतो त्याच्या आतली रबरी सील वीस वर्षांनी दगडासारखी होते. त्याच हेडवर हवा काढायचा प्लॅस्टिकचा स्क्रू आहे, तो थोडा जास्त आवळला की त्याला केसाएवढा तडा जातो. सील किट स्वस्त आहे, स्क्रू धातूचा मिळतो. दोन्ही बदला, आणि मागे टाकीवरच्या रबरी नळ्याही बदला, कारण गंजलेल्या क्लॅम्पखाली त्या आतून फुगून अरुंद झालेल्या असतात.

दुसरं काम, त्याच लाइनला व्हॅक्यूम गेज लावून गाडी लोडवर चालवा. पूर्ण ॲक्सिलरेटरला काटा पारा मोजणीतल्या पाच इंचांच्या वर गेला की आमच्याकडे अडथळा धरतात. फिल्टर नवा असूनही वर जात असेल तर टाकीतली पिकअप नळी बघा.

आता हिशोब करू, कारण ७०० हा आकडा बोलायला सोपा आहे आणि पुरवायला अवघड. चांगलं चालणारं डिझेल इंजिन पूर्ण लोडवर तासाला दर हॉर्सपॉवरमागे साधारण ०.४ पौंड डिझेल जाळतं. ७०० ला झाले २८० पौंड. अमेरिकन गॅलनमागे डिझेल सात पौंडांच्या थोडं वर भरतं, म्हणजे तासाला सुमारे ४० गॅलन, लिटरमध्ये १५०. मिनिटाला अडीच लिटर. आठ सिलिंडर, ३,००० आरपीएम, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला १२,००० वेळा इंजेक्टर उघडायचे. अडीच लिटर भागिले १२,००० केलंत की एका फवाऱ्याला २०८ घन मिलिमीटर येतात. कारखान्यातून आलेल्या ३६० हॉर्सपॉवरच्या तुमच्याच इंजिनाला तोच हिशोब लावा, शंभराच्या आसपास येतात. म्हणजे तुम्ही प्रत्येक फवाऱ्यात दुप्पट डिझेल मागताय. हा आकडा कागदावर लिहून गॅरेजमध्ये लावा आणि प्रत्येक पार्ट त्याच्यासमोर धरून बघा.

लिफ्ट पंप, म्हणजे टाकीकडून सीपी३ पर्यंत डिझेल ढकलणारा पंप. ४० गॅलन जळतात म्हणून ४० गॅलनचा पंप चालत नाही. सीपी३ स्वतःच्या गारव्यासाठी आणि वंगणासाठी डिझेल फिरवतो, इंजेक्टरही रिटर्नला सोडतात, फिल्टरचा विरोध वेगळा. शिवाय डब्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या नळीचा असतो, दाबावर तो घसरतो. तुमच्या कामाला फास किंवा एअरडॉग या कंपन्यांपैकी कुठलाही तासाला १५० ते १६५ गॅलनचा पंप पुरे, अर्ध्या इंचाच्या लाइनसकट. सीपी३ च्या तोंडाशी ८ ते १० पीएसआय कायम टिकले पाहिजेत. पंधरा-वीस चढवून काही वाढत नाही. हे पंप हवा वेगळी करून जादाचं डिझेल टाकीत परत सोडतात, आणि मला ते आवडतात ते प्रामुख्याने याच कारणासाठी, ताकदीचं नंतर. पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि त्याच्या पुढे बारीक गाळणी, दोन्ही त्यातच येतात.

टाकीतून डिझेल घेताना दोन वाटा आहेत. एक, वरून नवीन पिकअप नळी सोडायची. दुसरी, टाकीच्या बुडाला भोक पाडून सम्प, म्हणजे डिझेल जमणारं छोटं भांडं, बसवायचा. नळीवाल्यांची तक्रार असते की टाकी पावभर उरली की पंप हवा ओढायला लागतो, कारण रिटर्नचं डिझेल तिथेच खळबळत असतं. सम्पला हा त्रास होत नाही, पण तो गाडीची सगळ्यात खालची वस्तू होतो आणि दगडावर आदळतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी नळी बसवतो आणि मालकाला सांगतो, पाव टाकीच्या खाली जोर लावू नकोस. पंपाची वायर बॅटरीवरून रिलेतून न्या, अर्थिंग चॅसीच्या रंग खरवडलेल्या जागी करा. चालू पंपाच्या टोकाला व्होल्टेज मोजल्याशिवाय काम संपलं असं धरू नका.

मग प्रेशर गेज कायमचं बसवा आणि लॉगिंग करा. मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर, आणि सीपी३ च्या तोंडाशी असलेलं फीड प्रेशर, तिन्ही एकाच वेळी बघायचे. फीड आधी पडलं आणि मागोमाग रेल पडली, तर दोष अजून मागच्या बाजूला आहे. फीड आठावर ठाम आहे आणि तरी रेल खाली येते, तर सीपी३ थकलाय, किंवा इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडताहेत, किंवा रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह गळतोय. रिटर्नच्या नळ्या दोन बाजूंच्या दोन बाटल्यांत सोडून बघा, एक बाजू भराभर भरली की चोर सापडला. रिलीफ व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो बंद करणारा प्लग विकतात. तो लावू नका. प्रेशर चुकून वर उडालं तर ते सोडायला तेवढी एकच जागा आहे.

एवढं झाल्यावर तुमचा पी००८७ बहुधा पत्त्यावर राहणार नाही, आणि आहे त्याच इंजेक्टरांवर गाडी बरीच मोकळी धावेल. मग पुढचं. क्रँकवरचे ७०० म्हणजे चाकांवर साधारण ५८० ते ६००. निरोगी मूळ सीपी३, मागून चांगलं फीड मिळालं तर, साधारण तिथपर्यंत जातो असा आमचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे तुम्ही अगदी काठावर उभे आहात. काठावर पंप चालवण्यापेक्षा एक दहा मिलिमीटर स्ट्रोकचा, म्हणजे जास्त डिझेल देणारा, सीपी३ घ्या. दोन पंपांचं कुटुंब तुमच्या आकड्याला लागत नाही. जादा बेल्ट, जादा ब्रॅकेट, गळायला जादा जागा.

इंजेक्टर सगळ्यात शेवटी, आणि तेही शंभर टक्क्यांचे नकोत. छोट्या नोझलने २०८ घन मिलिमीटर सोडायचे तर इंजेक्टर फार वेळ उघडा ठेवावा लागतो. ३,००० आरपीएमला दोन मिलिसेकंदांत क्रँक ३६ अंश फिरतो. त्याहून लांब गेलात तर शेवटचं डिझेल पिस्टन खाली पळत असताना जळतं, ताकद कमी देतं आणि एक्झॉस्ट तापवतं. म्हणून नोझल थोडं मोठं हवं, पण ३० ते ५० टक्के पुरे. शंभर टक्क्यांचं नोझल आयडलिंगला धूर काढतं आणि ट्रेलर ओढताना जिवाला घोर लावतं. विकणाऱ्याकडून आठही इंजेक्टरांचा मोजमापाचा कागद मागा. जुन्या नोझलला हाताच्या टेस्टरवर दाबलं की चांगलं नोझल कुरकुरायचं, कान लावून आम्ही खरं-खोटं ओळखायचो. कॉमन रेलच्या नोझलला तो कान चालत नाही, मशीनचाच कागद लागतो. कागद नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. एलबीझेडचे मूळ पिस्टन मोठ्या ताकदीला पिनच्या रेषेत तडकतात, हे या इंजिनावर काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. ७०० तुम्हाला कधीतरी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) हवेत की रोज ट्रेलर लावून, हे आधी ठरवा. रोज हवेत तर पैसे पिस्टन आणि ॲलिसनच्या क्लचसाठी बाजूला काढा आणि तोवर ५०० च्या ट्यूनवर समाधानाने चालवा.

शेवटचं, जिवाचं. चालू इंजिनात रेलच्या किंवा इंजेक्टरच्या नळीवर लीक शोधायला हात फिरवू नका. एवढ्या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीतून आत जातं. वर फक्त टिंब दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत बोट कुजायला लागतं. असं झालं तर घरी थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं आणि ‘हाय प्रेशर डिझेल इंजेक्शन’ हे शब्द सांगायचे.

प्रश्न : माझी २०१४ ची ड्युरामॅक्स एलएमएल आहे, सगळी कंपनीची, काहीच बदल नाही. घोड्यांचा ट्रेलर ओढते. सगळे घाबरवतात की सीपी४ पंप फुटणार आणि पूर्ण फ्युएल सिस्टिम जाणार. आत्ताच सीपी३ बसवून घेऊ का?
— एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : ताई, भीती निराधार नाही. सीपी४ मध्ये कॅमवर रोलर फिरतो आणि तो रोलर ज्या टॅपेटमध्ये बसलाय तो सरळ राहिला पाहिजे. तो जागच्या जागी थोडा वळला की रोलर फिरायचं सोडून घासायला लागतो. मग लोखंडाचा चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्न, टाकी असा सगळीकडे जातो. म्हणून एका पंपाच्या बिघाडात अख्खी सिस्टिम बदलावी लागते. त्यात पंपाला वंगण डिझेलचंच, आणि अमेरिकेत डिझेलच्या वंगणाची हद्द सैल आहे : चाचणीत ५२० मायक्रॉनचा ओरखडा चालतो, युरोपात ४६० ची मर्यादा. रॅमने २०१९ आणि २०२० च्या ६.७ कमिन्स गाड्यांना सीपी४ लावला होता. २०२१ मध्ये रिकॉल काढून त्या जागी सीपी३ बसवायला घेतला. शेव्हरोलेची कंपनी जीएमनेही २०१७ च्या इंजिनापासून डेन्सोचा पंप घेतला आणि टाकीत लिफ्ट पंप दिला.

तरी तुमच्या गाडीला आज मी पंप बदलायला सांगणार नाही. आधी चांगल्या मेकॅनिककडून पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून बघा. स्वच्छ पांढऱ्या कपड्यावर त्यातलं डिझेल टिपायचं आणि बॅटरीच्या उजेडात धरायचं. चमकणारी चंदेरी कणी दिसली तर गाडी तिथेच ठेवा, चालवत घरी नेऊ नका. काही दिसलं नाही तर लिफ्ट पंप, वेळेवर फिल्टर, गर्दी असलेल्या पंपावरून डिझेल, आणि प्रत्येक टाकीला वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह. दोन टक्के बायोडिझेलसुद्धा वंगणाला चांगलं काम करतं. चुरा रेलकडे न जाता आधी फिल्टरला जाईल अशी रिटर्न वळवणारी बायपास किटही मिळते. ती पंप वाचवत नाही, पण बाकीचं वाचवते. पंप पुढेमागे काढावाच लागला तर तेव्हा सीपी३ बसवा. घोडे मागे असताना हायवेवर बंद पडण्यापेक्षा हा खर्च हलका आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, फ्युएल सिस्टिम वाढवायची तर डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) काढूनच टाकावा लागेल. खरं आहे का?
— एक वाचक, फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

उत्तर : नाही. क्लीन एअर ॲक्टखाली धूर-नियंत्रणाची यंत्रणा काढणं बेकायदा आहे, काढून देणाऱ्यालाही. ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अंदाज दिला होता की आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशी काढली गेली. फ्रेस्नोच्या खोऱ्यातली हवा आधीच देशातल्या वाईट हवेत मोजतात, आणि तुमची मुलं तिथेच खेळतात. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या डिझेल पिकअपला स्मॉग चेक असतोच. कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, असलेलेच पार्ट घ्या, आणि धूर दिसणार नाही इतपतच डिझेल वाढवा. काजळी जास्त झाली की डीपीएफ तुंबतो, म्हणजे ट्यूनिंग चुकलंय.

प्रश्न : माझे दोन टिपर आहेत. मुलगा मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, आपल्या गाडीलाही लिफ्ट पंप आणि मोठे नोझल लावू, खंबाटकीत पिकअप मिळेल. लावू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाचा उत्साह चांगला आहे, त्याला कामाला लावा, पण मोठे नोझल नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही, विम्याचाही घोळ होतो, आणि भरलेला टिपर घाटात तापला की इंजिनाच्या कामाचा खर्च पाच आकड्यांत राहत नाही. त्याला वेगवान ट्रकच बघायचे असतील तर टाटाने २०१४ पासून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्राइमा ट्रकच्या शर्यती भरवल्या, २०१७ ला १,००० हॉर्सपॉवरचा ट्रकही उतरवला. ती ताकद बंद ट्रॅकवरची.

तुमच्या गाड्या नव्या होत्या तेव्हा घाट चढत होत्या ना? मग कुठेतरी फीड अडलंय. मुलाला सांगा, टाकीतली जाळी काढून धुवायची, फीड पंपाचे आणि बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे, दोन्ही फिल्टर एकदम बदलायचे, आणि इंटरकूलरचे पाइप हाताने दाबून फाटलेत का बघायचं. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी सोडायचं, रात्रभरात ते खाली बसलेलं असतं. एवढं करूनही खंबाटकीत पहिल्या गिअरवर यावं लागलं तर गाडीचं वर्ष, इंजिन आणि धुराचा रंग लिहून कळवा.